दिव्याची कळ घरातच राहावी म्हणून

टाकवे बुद्रुक सोडून आंदर मावळात आत जायला लागलं, की वडेश्वरच्या पुढे ठोकळवाडीचं पाणी दिसायला लागतं. आंध्रा नदीवरचं हे धरण टाटांच्या आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनीनं बांधलं आणि त्याच्या पाण्यावरचं भिवपुरीचं वीजकेंद्र १९२२ मध्ये सुरू झालं. आंध्रा मुळात पूर्वेला उतरून इंद्रायणीला मिळणारी नदी. धरणानं तिचं पाणी उलट दिशेला, सह्याद्रीच्या पोटातून कर्जतच्या बाजूला घातलं. घाटाच्या उंचीवरून पडणाऱ्या त्या पाण्यावर जनित्रं फिरली आणि वीज गेली मुंबईला. त्याआधी १९१५ मध्ये लोणावळ्याच्या पाण्यावर खोपोलीचं केंद्र उभं राहिलं होतं. पुढे १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचं. मुळशीच्या धरणाविरुद्धचा सेनापती बापटांचा सत्याग्रह महाराष्ट्राला ठाऊक आहे; आंध्रेच्या खोऱ्याबद्दल तेवढं कुणी बोलत नाही. पाऊस इथला, पाण्याखाली गेलेली जमीन इथली, आणि दिव्याची कळ घाटापलीकडे.

ब्लूटूथवर चालणारे डिमर आणि स्विच स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामनं कसे चालवावेत, हे सांगणाऱ्या पुस्तिकेची प्रस्तावना धरणापासून कशाला, असं कुणी विचारेल. कारण सरळ आहे. आज ‘स्मार्ट’ म्हणून विकले जाणारे बहुतेक दिवे त्याच चालीनं चालतात. बल्ब आपल्या छताला, पैसे आपले, वीजबिल आपलं. पण फोनवर ‘बंद’ दाबलं, की निरोप घरातल्या राउटरमधून बाहेर पडतो, कंपनीच्या कुठल्यातरी देशातल्या सर्व्हरवर जातो, तिथं खातं तपासलं जातं आणि मग तोच निरोप उलट येऊन दहा फुटांवरच्या बल्बाला पोहोचतो. सगळं सुरळीत असेल तर हे अर्ध्या सेकंदात होतं आणि कुणाला काही कळत नाही. आंदर मावळात पावसाळ्यात सगळं सुरळीत असण्याचे दिवस किती, हे इथल्या माणसाला सांगायला नको. झाड पडतं, फीडर जातो, वीज आली तर इंटरनेट आलेलं नसतं. दिव्याला उजेड द्यायला वीज पुरते. तो लावायलाही इंटरनेट लागावं ही अट कुणी, का घातली, हा प्रश्न या पुस्तिकेच्या मुळाशी आहे.

आणि सर्व्हर कायमचा गेला तर? अमेरिकेत हे घडून गेलं आहे. रिव्हॉल्व्ह नावाचा घरगुती हब नेस्ट कंपनीनं विकत घेतला आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवाच बंद करून टाकली. लोकांनी पैसे मोजून घेतलेली पेटी नुसती पेटी उरली. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या जुन्या कंपनीचे सर्व्हर कुणाला न सांगता थांबले आणि ग्राहकांना ते कळलं दिवे ऐकेनासे झाल्यावर. त्यातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्यांनी कंपनीच्या ॲपवर न विसंबता घरातल्याच संगणकावरून ते स्विच चालवायची सोय करून ठेवली होती, त्यांचे दिवे चालूच राहिले. ती सोय हौशी प्रोग्रामरांनी लिहिलेल्या लायब्रऱ्यांमुळे झाली होती.

लायब्ररी म्हणजे इथं दुसऱ्या कुणीतरी लिहून, तपासून ठेवलेला प्रोग्रामचा गठ्ठा, जो आपण आपल्या प्रोग्राममध्ये बोलावून वापरतो. रेडिओलहरी, पॅकेट, गुप्त किल्ल्या यांची झटापट तिच्या आत होते. बाहेरून आपल्याला ‘जोड’, ‘चालू कर’, ‘उजेड चाळीस टक्क्यांवर आण’ एवढंच म्हणायचं असतं. ही पुस्तिका पायथन या भाषेत लिहिलेल्या लायब्रऱ्यांवर आहे. पायथन येत नसेल त्यानं घाबरू नये. पहिली दोन प्रकरणं वाचताना जेवढं लागेल तेवढं तिथंच समजावलेलं आहे.

पुस्तिका दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे, आणि ते सहसा एका बाकावर बसत नाहीत. एक म्हणजे वायरमन. दुसरा म्हणजे कंप्युटर शिकलेला मुलगा किंवा मुलगी, जो टाकव्याहून कान्हे फाटा आणि तिथून लोकलनं पुण्याला जातो. वायरमनला डिमर दाखवला, तर तो आधी विचारतो, न्यूट्रल कुठून घेऊ? मुलगी विचारते, याचा प्रोटोकॉल, म्हणजे याच्याशी बोलायची ठरलेली रीत, कुठं मिळेल? दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याकडे नाही. आजवर मराठीत जे थोडंफार लिहिलं गेलं ते यातल्या एकालाच धरून होतं.

आता ब्लूटूथकडे येऊ. एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास सुरू झालेलं हे काम मुळात फोन आणि हेडसेट यांच्यामधली तार काढून टाकण्यासाठी होतं. ते ब्लूटूथ बोलकं होतं, वीज खाणारं होतं; दिव्याच्या बटणात बसण्यासारखं नव्हतं. नोकियानं २००६ मध्ये वायब्री नावाची कमी विजेवर चालणारी पद्धत जाहीर केली, ती ब्लूटूथमध्ये सामावली गेली आणि २०१० च्या ४.० आवृत्तीत ‘ब्लूटूथ लो एनर्जी’ म्हणून बाहेर आली. आपले डिमर चालतात ते या दुसऱ्या ब्लूटूथवर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याच्या चाळीस वाहिन्या आहेत. त्यातल्या तीन, म्हणजे ३७, ३८ आणि ३९ क्रमांकाच्या, फक्त हाकारा घालण्यासाठी राखलेल्या. डिमर या तीन वाहिन्यांवर ‘मी इथं आहे’ असं ठरावीक वेळानं ओरडत राहतो. ज्याला त्याच्याशी बोलायचं असेल त्यानं हाक ऐकायची आणि जोडणी मागायची.

जोडणी झाली, की डिमरच्या आत एक कपाट उघडतं असं समजा. कप्पे ठरलेले, प्रत्येक कप्प्याला लांबलचक क्रमांक, आणि प्रत्येकावर लिहिलेलं: यातलं फक्त वाचता येईल, यात लिहिता येईल, यात काही बदललं तर मी स्वतःहून कळवीन. उजेडाच्या कप्प्यात ‘४०’ हा आकडा लिहिला, की दिवा चाळीस टक्क्यांवर येतो. ब्लूटूथवरून दिवा लावणं म्हणजे शेवटी एवढंच: योग्य कप्पा शोधून त्यात योग्य आकडा टाकणं. अवघडपणा आहे तो कुठला कप्पा, कुठला आकडा आणि कुलूप कसलं, हे कंपनी सांगत नाही त्यात.

पहिल्या प्रकरणात विजेच्या तारेला हात न लावता नुसतं ऐकायचं आहे. लॅपटॉपवर ब्लीक ही लायब्ररी बसवायची आणि चार ओळींचा प्रोग्राम चालवायचा. पडद्यावर एकेक ओळ उमटायला लागते: सहा जोड्यांचा पत्ता, असलं तर नाव, आणि उणे चिन्हासकटचा एक आकडा, उणे ५२, उणे ७१, उणे ९०. तो आकडा म्हणजे आवाज किती जोरात ऐकू येतो त्याचं माप. शून्याच्या जेवढा जवळ तेवढं यंत्र जवळ. लॅपटॉप हातात धरून पडवीतून माजघरात जा आणि आकडे पडताना बघा. वीट-सिमेंटच्या एका भिंतीत थोडे जातात. काळ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या जुन्या जाड भिंतीत पुष्कळ जातात. आणि मध्ये पत्रा आला, मग तो छपराचा असो की धान्याच्या कणगीसारखी कोपऱ्यात उभी केलेली पेटी, तर नाव यादीतून गायबच होतं. शेजाऱ्याचा टीव्ही, कुणाच्या हातातलं घड्याळ, दारातल्या गाडीचा स्पीकर, सगळे त्या यादीत येतात. हवेत एवढी बडबड चालू असते हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की पुढची प्रकरणं सोपी जातात.

ब्लीकच का, हेही सांगायला हवं. ती हेन्रिक ब्लिध या स्वीडिश प्रोग्रामरनं सुरू केली आणि ती विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. लिनक्सवर ती ब्लूझी या जुन्या, मुरलेल्या पायावर उभी राहते. तिच्याआधी लोक ब्लूपाय वापरत. ब्लूपाय चांगली होती, पण फक्त लिनक्सपुरती, आणि गेली काही वर्षं तिचं काम थंडावलेलं आहे. एखादी लायब्ररी निवडताना ती आज चालते का एवढंच बघून भागत नाही. तिच्याकडे अजून कुणी लक्ष देतं का, शेवटचा बदल कधी झाला, लोकांनी कळवलेल्या अडचणींना उत्तरं मिळतात का, हे बघावं लागतं. फुकट मिळते म्हणून तिला किंमत नाही असं समजू नये. कुणीतरी नोकरी सांभाळून, रात्री जागून ती लिहिलेली असते, आणि तो माणूस थकला की ती थांबते.

या विषयातलं जे उदाहरण मला सर्वांत शिकवणारं वाटतं ते अमेरिकेतलं आहे. लेव्हिटन या कंपनीच्या डेकोरा मालिकेत ब्लूटूथचे डिमर आणि स्विच आले. मॅथ्यू गॅरेट या सुरक्षातज्ज्ञ प्रोग्रामरनं त्यांच्यासाठी पायथनची छोटी लायब्ररी लिहिली. एव्हिऑन पद्धतीच्या दिव्यांसाठीही त्यानं अशीच एक लिहिली. डेकोराच्या लायब्ररीत बघण्यासारखं आहे ते किल्ली मिळवण्याचं कलम. स्विचशी बोलायला एक किल्ली लागते, आणि ती मिळवायला स्विच भिंतीवर हातानं दाबून धरावा लागतो, हिरवा दिवा लुकलुकेपर्यंत. तेवढ्या अवधीतच तो आपली किल्ली सांगतो. म्हणजे जो घरात आहे, ज्याचं बोट त्या बटणापर्यंत पोहोचतं, त्यालाच मालक मानायचं. खातं नाही, ओटीपी नाही, कुठल्या सर्व्हरला विचारणं नाही. यापेक्षा शहाणी व्यवस्था मी तरी पाहिलेली नाही. (हे डिमर मात्र इथं मागवू नयेत. ते १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे आहेत. आपल्या २३० व्होल्टवर लावले तर धूर निघेल. लायब्ररीची रचना वाचावी, माल इथला घ्यावा.)

याच्या उलट टोकाचं उदाहरणही पुस्तिकेत घेतलं आहे. केंब्रिज सिलिकॉन रेडिओ या ब्रिटिश कंपनीनं २०१४ मध्ये सीएसआर मेश नावाची पद्धत आणली, ज्यात एक दिवा दुसऱ्याला निरोप पुढे देतो. या पद्धतीवरच्या काही दिव्यांमध्ये सगळ्या जाळ्याची किल्ली चार अंकी पिनमधून काढली जायची. गुप्तलेखनाची पद्धत कितीही पक्की असली तरी चार अंकांचे प्रकार होतात फक्त दहा हजार, आणि साधा लॅपटॉप ते सगळे बघता बघता तपासून मोकळा होतो. हवेतलं एक पॅकेट पकडलं की काम झालं. कुणी म्हणेल, शेजाऱ्यानं दिवा लावला तर काय बिघडलं? दिव्याचं बिघडणार नाही कदाचित. पण त्याच जाळ्यावर उद्या दाराचं कुलूप येतं.

ब्लूटूथच्या मूळ संघटनेनं जुलै २०१७ मध्ये स्वतःचं ‘ब्लूटूथ मेश’ मानक जाहीर केलं आणि तिथून हा विषय हौशीच्या पलीकडे गेला. एका जाळ्यात ३२,७६७ पत्ते बसू शकतात. निरोप कुठल्या ठरलेल्या वाटेनं जात नाही. जो ऐकतो तो पुन्हा ओरडतो, आणि तसा तो पसरत जातो. अनंतकाळ ओरडत राहू नये म्हणून निरोपावर एक उतरता आकडा असतो, जास्तीत जास्त १२७. प्रत्येक हाकेला तो एकनं घटतो. पाठवणाऱ्यानं खात्रीसाठी तोच निरोप पुन्हा पाठवला तर दिव्यानं तो नवा समजू नये म्हणून त्यावर व्यवहार क्रमांकही असतो. ‘दिवा लाव’ हा निरोप, कुलपाच्या आतला, चार बाइटांत मावतो: ८२, ०२, मग ०१ म्हणजे चालू, आणि शेवटी तो व्यवहार क्रमांक. या चार आकड्यांपाशी पुस्तिका बराच वेळ थांबते. इंटरनेटवरून दिवा लावताना हजारो बाइटांची देवाणघेवाण होते हे माहीत असलं, की या चार आकड्यांची मजा कळते.

यातला एक खाचखळगा आधीच सांगून ठेवतो, कारण त्यावर माणसं डोकं आपटत बसतात. प्रत्येक निरोपावर चढता अनुक्रमांक असतो, आणि दिवे आधी पाहिलेल्या क्रमांकाचा किंवा त्याहून लहान क्रमांकाचा निरोप ऐकतच नाहीत. कुणी जुनं पॅकेट पकडून पुन्हा सोडू नये म्हणून ही तजवीज आहे, आणि ती योग्य आहे. पण ज्यावर आपला प्रोग्राम चालतो त्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचं मेमरी कार्ड खराब झालं, आपण नवीन घालून त्याच किल्ल्यांनी आणि त्याच पत्त्यानं प्रोग्राम परत चढवला, तर तो मोजणी शून्यापासून सुरू करतो. दिवे गप्प. चूक कुठंच दिसत नाही, प्रोग्राम म्हणतो निरोप पाठवला, आणि उजेड काही पडत नाही. क्रमांक कार्ड सोडून दुसरीकडेही लिहून ठेवण्याची व्यवस्था म्हणून तिसऱ्या प्रकरणातच दिली आहे, पुढे ढकललेली नाही.

आता वायरमनच्या प्रश्नांकडे. न्यूट्रलच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. अमेरिकेतल्या जुन्या घरांत स्विचच्या पेटीत अनेकदा न्यूट्रल येतच नाही. तिथं फक्त फेज तोडायची सोय असते. आपल्याकडे बोर्डावर बटणांच्या शेजारी पाच ॲम्पियरचा सॉकेट असतोच, आणि सॉकेट आला म्हणजे न्यूट्रल आला. स्मार्ट स्विचला आपला छोटा मेंदू जागा ठेवायला तो लागतो. लोखंडी पेटीचं मात्र बघावं लागतं. मॉड्युलर बोर्डामागची पत्र्याची पेटी ब्लूटूथचा आवाज मागे आणि बाजूला दाबते. पुढची प्लेट प्लास्टिकची असल्यानं काम भागतं, पण पल्ला कमी होतो. जाळ्यातले दिवे किती अंतरावर लावायचे याचा हिशोब भिंतीवर प्रत्यक्ष माप घेऊनच करावा. कंपनीच्या खोक्यावरचं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं.

डिमर नवा नाही. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हा त्याचाच भाऊ, घरोघरी आहे. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होतो, म्हणजे अर्ध्या लाटा शंभर, प्रत्येक दहा मिलिसेकंदांची. डिमरच्या आतला ट्रायॅक प्रत्येक अर्ध्या लाटेच्या सुरुवातीला थोडा वेळ बंद राहतो आणि मग उघडतो. जितका उशिरा उघडेल तितका उजेड कमी. जुन्या तारेच्या बल्बाला हे सुरेख मानवतं. एलईडीला मानवेलच असं नाही, कारण एलईडी बल्बाच्या बुडात स्वतःचा ड्रायव्हर बसलेला असतो, आणि लाट अर्धी कापलेली आली तर तो गोंधळतो. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या उजाला योजनेत देशभर छत्तीस कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. वाड्यावस्त्यांवर उजेड पोहोचवण्याचं मोठं काम त्यांनी केलं, पण ते मंद होण्यासाठी बनवलेले नाहीत. डिमरवर लावले तर लुकलुकतात, गुणगुणतात आणि लवकर जातात. म्हणून डिमर घेण्याआधी बल्बाच्या खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलं आहे का ते बघावं. आणि दिव्याच्या डिमरला पंखा जोडू नये. पंखा घूंऽ करायला लागतो आणि डिमर तापतो.

उजेडाच्या आकड्याचीही एक गंमत आहे, आणि ती प्रोग्राम लिहिणाऱ्याला कळायलाच हवी. आपला डोळा सरळ हिशोब करत नाही. अंधारात थोडासा उजेड वाढला तरी खूप वाटतो. लख्ख उजेडात तेवढाच वाढला तर जाणवतही नाही. ब्लूटूथ मेशमध्ये उजेडाचं माप ० ते ६५,५३५ असं आहे आणि त्यातला आकडा डोळ्याला जाणवणारा उजेड धरून असतो. प्रत्यक्ष प्रकाश त्याच्या वर्गाच्या प्रमाणात चालतो. म्हणजे माप निम्म्यावर आणलं, तर दिवा खरा प्रकाश देतो पाव भाग. माप पाववर आणलं, तर प्रकाश सोळाव्या हिश्शावर येतो. ज्या हौशी प्रोग्राममध्ये हे सांभाळलेलं नसतं, त्यात दिवा शंभरापासून तीसपर्यंत उतरताना काही होत नाही असं वाटतं आणि शेवटच्या दहात एकदम विझतो. संध्याकाळी हळूहळू मंद होणारा दिवा हवा असेल, तर वर्गाचं हे एक सूत्र सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं.

हळूहळू मंद होणारा दिवा ही चैन आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी मावळातल्या पोल्ट्री शेडकडे बघावं. अंड्यावरच्या कोंबड्यांना दिवसाचा आणि दिव्याचा मिळून सोळा तासांच्या आसपास उजेड लागतो. हिवाळ्यात दिवस आखूड होतो तेव्हा उरलेले तास दिव्यानं भरून काढायचे असतात, आणि ते रोज त्याच वेळी. एकदम खटकन दिवे घालवले, तर पक्षी बावचळतात, बसायची जागा सापडत नाही, एकमेकांवर चढतात. उजेड दहा-पंधरा मिनिटांत उतरत गेला तर आपापल्या जागी बसतात. मांसाच्या कोंबड्यांना पहिल्या आठवड्यात उजेड जास्त हवा, पिल्लांना दाणापाणी दिसलं पाहिजे म्हणून, आणि पुढे कमी. पॉलिहाऊसमधल्या शेवंतीची कथा आणखी निराळी. रात्र लांबली की ती फुलावर येते, म्हणून रोप उंच होईपर्यंत मध्यरात्री काही वेळ दिवे लावून तिची रात्र तोडायची असते. हे सगळं टायमरनं होतं आणि आजवर होत आलं आहे. पण टायमरला मंद करणं जमत नाही, वीज गेली की कित्येकांचं घड्याळ मागे पडतं, आणि लांबलचक शेडमध्ये प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी तार ओढणं परवडत नाही. एका टोकाच्या दिव्यानं पुढच्याला सांगायचं आणि त्यानं त्याच्या पुढच्याला, ही मेशची रीत लांब शेडसाठीच बनवल्यासारखी आहे. शेवटची तीन प्रकरणं यावर आहेत आणि पुस्तिकेतला सगळ्यांत जास्त घाम तिथं गेला आहे.

वीज जाण्याचा मुद्दा मुद्दाम वेगळा काढतो. पुण्या-मुंबईच्या सदनिकांसाठी लिहिणारे लोक तो टिपेत टाकतात. इथं तो मुख्य आहे. वीज जाऊन आली, की दिव्यानं काय करावं? चालू व्हावं, बंद राहावं, की आधी जसा होता तसा व्हावं? मेशच्या मानकात यासाठी स्वतंत्र मूल्य ठरवलेलं आहे: ०, १ आणि २. शून्य म्हणजे बंदच राहा, एक म्हणजे ठरवून दिलेल्या स्थितीत ये, दोन म्हणजे पूर्वीची स्थिती आठव. बरेचसे बल्ब कारखान्यातून ‘चालू हो’ अशा बेतानं येतात, कारण भिंतीवरचं बटण दाबल्यावर उजेड पडला नाही तर गिऱ्हाईक बल्ब परत आणतं. त्याचा परिणाम असा, की पहाटे तीनला वीज आली की घरातले झाडून सगळे दिवे लख्ख पेटतात आणि तान्ही पोरं उठून बसतात. पोल्ट्रीत तर रात्रीतून दहा वेळा वीज आली-गेली, की कोंबड्यांचा दिवस-रात्रीचा हिशोबच मोडतो. प्रोग्राममध्ये ही एक ओळ पहिल्या दिवशी लिहावी. शेडला ०, घराला २, आणि जिन्यातल्या व गोठ्यातल्या दिव्याला १. हा माझा सल्ला, ज्यानं त्यानं आपलं बघावं.

भिंतीवरचं साधं बटण काढून टाकू नये, या मताचा मी आहे आणि त्यात बदल संभवत नाही. ज्याच्या हातात फोन नाही, ज्याला फोन दिसत नाही, जो पाहुणा म्हणून आला आहे, त्याला दिवा लावता आला पाहिजे. फक्त ते बटण दिव्याची वीज तोडणारं न ठेवता स्मार्ट स्विचला निरोप देणारं करावं. नाहीतर कुणी बटण बंद केलं की तो दिवा जाळ्यातून उठतो, आणि त्याच्यावर विसंबलेले पलीकडचे दिवेही बहिरे होतात. जोडणीचा आराखडा चौथ्या प्रकरणात आहे. ती जोडणी परवानाधारक वायरमननंच करावी, एमसीबी खाली करून, टेस्टरनं तपासून. कितीही पायथन येत असलं तरी बोर्डाचा स्क्रू स्वतः उघडू नये.

कंपनीनं न सांगितलेला डिमरचा प्रोटोकॉल असा शोधून काढणं कायद्याला धरून आहे का, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(एबी) यासाठीच आहे. एखादा प्रोग्राम ज्याच्याकडे रीतसर आहे, त्यानं दुसरा स्वतंत्र प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घेण्यापुरती माहिती, ती सहजी उपलब्ध नसेल तर, शोधून काढणं हा भंग नाही. शेजाऱ्याच्या दिव्याला हात घालणं हा वेगळा विषय. त्याला हे कलम वाचवणार नाही.

पुस्तिकेत जे घेतलेलं नाही किंवा थोडक्यात आटोपलं आहे, ते असं. वाय-फायच्या बल्बांपैकी काही घरातल्या जाळ्यावरूनही ऐकतात आणि त्यांच्यासाठी चांगल्या लायब्रऱ्या आहेत. पण त्यांचा प्रोटोकॉल कंपनी केव्हाही बदलू शकते, म्हणून त्यांचा उल्लेख करून पुढे गेलो आहे. घरातली यंत्रं चालवणाऱ्या होम असिस्टंट या मोठ्या प्रणालीला एक छोटं प्रकरण दिलं आहे. ज्याला स्वतः प्रोग्राम लिहायचा नाही त्यानं सरळ तिथं जावं. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर ब्लूटूथवर का घेतला नाही, असं शेतकरी विचारतील. ब्लूटूथचा पल्ला घरापासून विहिरीपर्यंत पोहोचत नाही, तीन फेजच्या मोटरला रिले लावणं हे दिव्यापेक्षा फार निराळं काम आहे, आणि सिमकार्डवर चालणारे मोबाइल स्टार्टर बाजारात कधीचे आहेत. ते बरे चालतात.